चावीच्या ग्रामोफोनची दुरुस्ती : एक न लिहिला गेलेला इतिहास

ग्रामोफोनचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात शोधकांची नावे आहेत, कंपन्यांची आहेत, गायक-गायिकांची तर आहेतच. परंतु पेटीतील कमान तुटली असता ती पुन्हा जोडणारा, झिजलेला बुश बदलणारा आणि थांबलेले गाणे सुरू करून देणारा जो कारागीर, त्याचा उल्लेख या इतिहासात सहसा आढळत नाही. यंत्र एकदा घडविणे हे निर्मात्याचे काम. ते दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चालते ठेवणे हे मात्र सर्वस्वी दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती असते. आपल्या ज्ञातीच्या हातांना लोखंड, पितळ आणि लाकूड यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तेव्हा हा विषय स्मरणिकेच्या पानांत अस्थानी ठरणार नाही, अशा विश्वासाने आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

कमानीचे यंत्र कसे जन्मास आले

थॉमस एडिसन याने १८७७ साली अमेरिकेत पहिला फोनोग्राफ सिद्ध केला. कथिलाचा वर्ख गुंडाळलेला त्याचा दंडगोल हाताने फिरवावा लागे. पुढे एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याचीही आरंभीची यंत्रे हातानेच फिरत. येथेच सर्व अडचण होती. मनुष्याचा हात कितीही सवयीचा असला तरी तो एकसारखा फिरत नाही. हात क्षणभर मंदावला की सूर उतरे. घाई झाली की चढे. बोललेले शब्द अशा यंत्रावर कसेबसे ओळखू येत, परंतु गाणे काही टिकत नसे. एडिसनने १८८८ च्या सुधारित फोनोग्राफला विजेची मोटर जोडून पाहिली. पण त्या काळच्या बॅटऱ्या सांभाळणे हे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले काम नव्हते.

उपाय अखेरीस घड्याळाच्या दुकानात सापडला, असे म्हटल्यास चालेल. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या गृहस्थाचा लहानसा यंत्रशाळेचा धंदा होता. त्याने १८९६ साली बर्लिनरच्या ग्रामोफोनसाठी कमानीची मोटर करून देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी एडिसननेही आपला कमानीचा फोनोग्राफ बाजारात आणला. पुढे १९०१ साली ज्या जॉन्सनने व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली, तो मुळात लेथवर काम करणारा कारागीर होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र आपल्याकडे घरोघरी पोहोचले, त्यात चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याने प्रथम फोनोग्राफ काढला होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली ते चित्र घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला. त्या चित्रातील यंत्र कमानीचेच आहे.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे अवश्य आहे. घड्याळातही कमान असते, परंतु तेथे शक्ती थेंबाथेंबाने, टिकटिक करीत सोडली जाते. तबकडीला टिकटिक चालत नाही. तिला अखंड आणि एकसारखी गती हवी. म्हणून कमानीच्या जोडीस वेग आवरणारा एक पहारेकरी द्यावा लागला. वाफेच्या यंत्रावर गोळे फिरवून वेग आवरण्याची जी युक्ती प्रचारात होती, तीच लहान रूपात येथे आली. तिला कारागीर ‘गव्हर्नर’ म्हणत. चावीचा ग्रामोफोन म्हणजे घड्याळाची कमान आणि वाफेच्या यंत्राचा गव्हर्नर यांचा संगम होय.

महाराष्ट्रात त्याचे आगमन

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला. गौहरजान यांच्या गायनाच्या तबकड्या त्याच वेळी निघाल्या. आरंभी त्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. पुढे १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाला आणि १९२८ साली तो डमडम येथे मोठ्या स्वरूपात उभा राहिला. तबकडीच्या मिश्रणातील लाख ही तर बव्हंशी आपल्याच देशातील जंगलांतून जाई.

महाराष्ट्रात या यंत्राला घराघरांत नेले ते नाट्यसंगीताने. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे ऐकावयाचे तर पूर्वी नाटकमंडळीचा मुक्काम पडेपर्यंत वाट पाहावी लागे. रात्र-रात्र रंगणाऱ्या त्या गायनाचा तीन मिनिटांचा अंश दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावू लागला, आणि विजेची तार ज्या गावात पोहोचली नव्हती त्या गावाच्या ओटीवरही तो ऐकू येऊ लागला. १९२५ साली निघालेली हिज मास्टर्स व्हॉइसची १०१ क्रमांकाची आणि १९३१ साली निघालेली १०२ क्रमांकाची, हातात धरून नेता येण्याजोगी पेटी यांमुळे तर ग्रामोफोन एस. टी.च्या टपावरून, बैलगाडीतून, लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर हिंडू लागला.

या तीन मिनिटांचे सामर्थ्य किती, याचे एकच उदाहरण पुरे. पंडित भीमसेन जोशी यांनी बालपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि त्या ओढीने वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ साली, गाण्याच्या शोधात घर सोडले. ज्या यंत्रावर ती तबकडी लागली, त्या यंत्राची कमान त्या दिवशी धड होती आणि गव्हर्नर खरा चालत होता. कोणा अज्ञात कारागिराने केव्हातरी तेल घातले असेल, बुश बसविला असेल. इतिहास त्यास ओळखीत नाही.

पेटीच्या आत

पेटीची वरची फळी उचलली की खाली लोखंडी चौकटीस लटकलेले यंत्र दिसते. एका गोल डबीत पोलादी कमान गुंडाळलेली असते. लहान पेटीत एक, मोठ्या यंत्रात दोन वा अधिक. ही कमान सामान्यतः सुमारे इंचभर रुंद आणि दहा-बारा फूट किंवा त्याहूनही लांब असते. चावी फिरविली की ती आवळली जाते आणि खटका तिला मागे सुटू देत नाही. डबीच्या दात्यांपासून गती चाकांच्या मालिकेतून वर तबकडीच्या उभ्या दांड्यास मिळते आणि तेथून मळसूत्री दात्यांनी गव्हर्नरच्या बारीक दांड्यास. त्या दांड्यावर पातळ पोलादी पट्ट्यांना बांधलेली तीन वजने असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात, पट्ट्या वाकतात आणि एक पितळी चकती ओढली जाऊन चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीवर घासते. त्या घर्षणाने वेग आवरतो. वेग कमी-जास्त करण्याची बाहेरची कळ या गादीलाच पुढे-मागे सरकविते.

यंत्र इतके साधे आहे. परंतु त्याचा प्रत्येक भाग आपापल्या रीतीने झिजतो, आणि जुन्या कारागिरांची विद्या ही मुख्यतः या झिजेच्या वाचनाची विद्या होती.

झीज आणि तिचे उपचार

पहिला विकार कमानीचा. पेटी वाजताना मधूनच ‘धप्प’ असा आवाज होऊन सूर हिसका खातो, याचे कारण बहुधा तुटलेली कमान नसून वाळलेले वंगण असते. ग्राफाइट मिसळलेले मूळचे वंगण वर्षानुवर्षांनी घट्ट होते. कमानीचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि एकदम सुटतात. घरातील खोबरेल घातल्यास विकार वाढतो, कारण ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. उपचार एकच : चावी पूर्ण उतरवून कमान डबीबाहेर काढावी, रॉकेलने धुवावी, कोरडी पुसावी आणि नव्या वंगणाचा पातळ हात द्यावा. परंतु हे काम धोक्याचे आहे. आवळलेली कमान डबीतून सुटली तर ती तरवारीसारखी हात कापते. म्हणून जाड हातमोजे घातल्याखेरीज आणि जाणत्याच्या देखरेखीखेरीज कोणीही डबी उघडू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

कमान तुटते ती बहुधा टोकाशी, जेथे अडकविण्याचे भोक असते तेथे. अशा वेळी तुटका तुकडा कापून टाकून उरलेले टोक लाल तापवीत आणि हळूहळू निवू देत. त्यामुळे तेवढ्या भागातील पोलादाचे पाणी उतरते, नवे भोक पाडता येते आणि ते अणकुचीदार कोपरा न ठेवता कानशीने घोटून घेता येते. मात्र तापविण्याची सीमा राखावी लागे. पाणी गरजेपेक्षा अधिक लांबवर उतरले की कमान तेथे मरे. अशा प्रत्येक दुरुस्तीत कमान काही इंच आखूड होते. मधोमध तुटलेल्या कमानीस रिव्हेट मारून जोडण्याचेही प्रयोग होत, पण तो सांधा वेढ्यावर टेकताच धक्का देई. तेथे नवी कमान घालणे हाच मार्ग होता. ती निवडताना रुंदी, जाडी आणि लांबी ही तिन्ही मापे जुळावी लागतात. जाड कमान घातल्यास शक्ती वाढते खरी, पण दात्यांवर तिचा भार पडून पुढचे सर्व यंत्र लवकर झिजते.

दुसरा विकार बुशांचा. दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक एका बाजूस ओढले जाऊन लांबट होते, दाते नीट भिडेनासे होतात आणि यंत्र कुरकुरते. घाईचा कारागीर भोकाभोवती टोचा मारून धातू आत दाबी. काही महिने काम चाले. खरा कारागीर मात्र भोक मोठे करून त्यात नवा पितळी बुश ठोकी. तेही करताना झिजून सरकलेला मध्य सोडून देऊन मूळचा मध्य शोधून काढी. या दोन कारागिरांतील अंतर ग्राहकास त्या दिवशी दिसत नसे. पाच वर्षांनी दिसे.

तिसरा विकार गव्हर्नरचा, आणि तोच सर्वांत नाजूक. वजनांच्या पट्ट्यांपैकी एखादी तडकते, स्क्रू सैल होतो, गादीचे चामडे सुकून दगडासारखे कठीण होते. पट्टी बदलावयाची तर तिन्ही एकाच जाडीच्या बदलाव्यात, अन्यथा वजने विषम फाकून दांडा थरथरतो. गादीस तेलाचा एखादा थेंब पुरतो. अनेक यंत्रांत गव्हर्नरचे बुश मुद्दाम किंचित तिरकस भोकाचे केलेले असतात. ते फिरविले की मळसूत्री दाते जवळ-दूर होतात. हे मर्म ठाऊक नसलेला मनुष्य दाते कानशीत बसतो आणि चांगले चाक बिघडवितो. एका अंगाने झिजलेले चाक, रचना अनुकूल असल्यास, उलटे बसवून त्याचे दुसरे अंग कामास लावण्याची युक्तीही या धंद्यात रूढ होती.

चौथा विकार धातूचाच. एका काळी अनेक सुटे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्या जस्तात शिशासारख्या धातूंचा अल्प अंश राहिला असेल तर तो भाग आतून तडकतो, फुगतो आणि शेवटी हाताने मोडतो. यास कोणताही उपचार नाही. नवा भाग पितळात घडविणे भाग पडते, आणि जुना तुकडा फुगलेला असल्यामुळे त्याचे माप जसेच्या तसे घेतल्यास फसगत होते. शेजारच्या भागांवरून मूळ माप काढावे लागते.

सुराची जबाबदारी

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संगीतात आहे. तबकडीचा वेग पुढे मिनिटास ७८ फेरे असा रूढ झाला. गव्हर्नर बिघडून तो साडेब्याऐंशीच्या आसपास गेला तर सर्व गाणे अर्ध्या स्वराने चढते : पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो, आणि त्याचा आवाजही बदललेला वाटतो. वेग साडेत्र्याहत्तरच्या जवळ आला तर तेवढाच उतरतो. ज्या घरी दुसरा गुरू नाही, तेथे मुलांच्या कानावर पडणारा सूर हा यंत्र ठेवील तोच. गायक परगावी असे, कित्येकदा हयातही नसे. त्याच्या सुराचा सांभाळ गावच्या घड्याळजीकडे, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा लेथवाल्याकडे आलेला असे. आमच्या मते या कारागिरांचे खरे मोठेपण येथे आहे. आपण कोणाचा सूर सांभाळीत आहोत, याची जाणीव त्यांपैकी अनेकांस असो वा नसो, त्यांच्या हातच्या खरेपणावर ते गाणे अवलंबून होते.

वेग तपासण्याची त्यांची रीतही साधी होती. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अर्धी बाहेर ठेवावयाची, सुई लावून गाणे चालू करावयाचे आणि घड्याळाकडे पाहत एका मिनिटात चिठ्ठी किती वेळा फिरते ते मोजावयाचे. सुई न लावता मोजल्यास हिशेब चुकतो, कारण सुईचा भारही यंत्रास ओढावा लागतो. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या विजेवर ७७ रेघांची चकती ठेवूनही हे पाहता येते. वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात. मात्र आजच्या कित्येक एलईडी दिव्यांचा प्रकाश लुकलुकत नसल्याने त्यांखाली ही चकती उपयोगी पडत नाही.

आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाच्या माळ्यावरील पेटी उघडण्याचा योग आम्हांस मध्यंतरी आला. तिच्या डबीच्या आतील अंगास तीन बारीक ओरखडे काढलेले होते, आणि कमान मूळ मापाहून आखूड होती. तीनदा ती टोकाशी तुटली व तीनदा जोडली गेली, याची ती नोंद असावी, असा आमचा तर्क आहे. गव्हर्नरचा एक बुश मूळचा, दुसरा हाताने घडविलेला. त्यावर कानशीची धार अजून दिसते. त्या घरी कोणती गाणी वाजत हे तबकड्यांवरून कळले. ती किती वाजली आणि तुटल्यावरही पुन्हा किती आवडीने वाजविली गेली, हे मात्र या झिजेवरूनच कळले. कागदपत्रे नसलेल्या घराचा इतिहास असा धातूवर लिहिलेला असतो.

आजचे संकट आणि आपले कर्तव्य

आपल्या देशात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९७० च्या सुमारास संपुष्टात आले. रेडिओ, मग कॅसेट आणि त्यामागून आलेल्या साधनांनी पेटीस माळ्यावर धाडले. तबकड्यांच्या बाबतीत जागृती झाली ही समाधानाची गोष्ट आहे. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह व अभ्यास यांस चालना दिली. यंत्राच्या दुरुस्तीची विद्या मात्र हातांतच राहिली, आणि ते हात आता थकले आहेत.

त्यात एक नवे संकट उभे आहे. जुन्या साध्या पेट्यांतील मोटरी काढून त्या नव्या लाकडी खोक्यांत बसवावयाच्या, वर चकाकणारा पितळी कर्णा लावावयाचा आणि ते ‘पुरातन यंत्र’ म्हणून शोभेकरिता विकावयाचे, असा व्यापार आपल्या देशात बरीच वर्षे चालू आहे. त्या शोभेच्या वस्तूत गाणे नीट वाजत नाही, आणि ज्या खऱ्या पेटीतून मोटर काढली ती तर कायमची मुकी होते. भंगाराच्या भावाने विकलेली आजोबांची पेटी अशा रीतीने दोन्हीकडून नष्ट होते.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमचे काही विनंतीवजा सांगणे आहे. घरी जुनी पेटी असल्यास ती विकण्यापूर्वी एकदा उघडून दाखवावी. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राची चावी जोराने पूर्ण भरू नये. आधी सफाई आणि तेल, मग चावी. काम झाल्यावर कमान आवळलेली ठेवू नये. दुरुस्ती करताना जो भाग चालण्याजोगा आहे तो केवळ जुना दिसतो म्हणून बदलू नये, आणि जो बदलावाच लागेल तो जुना भाग चिठ्ठी लावून पेटीतच जपून ठेवावा. कोणी, कोणत्या साली, काय केले याची दोन ओळींची नोंद झाकणाच्या आत चिकटवावी. पुढच्या कारागिरास ती उपयोगी पडेल आणि आजच्या कारागिरास तेवढेच नाव मिळेल.

याहून महत्त्वाची गोष्ट एक. आपल्या वडीलधाऱ्यांत ज्यांनी अशी कामे केली असतील, त्यांच्याजवळ तरुणांनी जाऊन बसावे. पोलादाचे पाणी किती उतरवावे, बुश किती घट्ट ठोकावा, गादीवर तेल किती टाकावे, ही मापे कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे सापडत नाहीत. ती बोटांस ठाऊक असतात. आज भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढण्याची सोय प्रत्येकाजवळ आहे. एका दुपारी त्यांचे हात चालताना टिपून ठेविले, तर पन्नास वर्षांची विद्या वाचेल. ज्यांच्या हाताखाली लेथ आहे, त्यांनी एखादा बुश, एखादे चाक हौसेने घडवून पाहावे. या कामात पैसा फारसा नाही, परंतु हाताची परीक्षा पुरेपूर आहे.

ज्ञातीच्या इतिहासात दानशूरांची, विद्वानांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे आपण आदराने लिहितो, ते योग्यच आहे. त्याच पानांत ज्यांनी दुसऱ्यांचे गाणे आपल्या कानशीने आणि तेलाच्या थेंबाने खरे ठेविले, त्यांनाही जागा असावी. ज्या कुटुंबांत अशा कारागिरांच्या आठवणी, हत्यारे किंवा त्यांच्या हातची यंत्रे असतील, त्यांनी ती माहिती मंडळाकडे अवश्य लिहून पाठवावी. पुढील स्मरणिकेत ती नावे छापण्याचे भाग्य आम्हांस लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.